ज्याचा त्याचा पाढा

“एक-दोन-एक! एक-दोन-एक!”

मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. माझ्या मागं दोन ओळींत अठ्ठावीस पोरं होती, आणि त्यांच्यात रणजित जगदाळेचा ढोल असा घुमत होता की नदीपलीकडच्या डोंगरातून तो परत ऐकू येत होता. सव्वीस जानेवारी, सकाळचे साडेसात. नाकाचा शेंडा गार पडलेला, पण अंगात नुसती वाफ! आठवीतली पोरगी संचलनाची प्रमुख व्हायची ही आमच्या शाळेतली पहिलीच वेळ, आणि ती पोरगी मी होते. प्रांजल विलास शेडगे.

समोर झुलता पूल आला.

आमची शाळा नदीच्या पलीकडं आणि गाव अलीकडं. दर वर्षी शाळेचं संचलन पूल ओलांडून गावात येतं आणि ग्रामपंचायतीच्या पटांगणात झेंडा चढतो. पुलाच्या गावाकडच्या टोकाला सगळे स्वागताला थांबलेले असतात. आमच्या गावात घरटी एक फौजी आहे, त्यामुळं त्या दिवशी ती जागा मेडलांनी नुसती चमकत असते. त्या चमकत्या रांगेच्या मागं, पांढऱ्या साध्या शर्टात, हाताची घडी घालून माझे पप्पा उभे होते. छातीवर काही नाही. ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, चोवीस वर्षं नोकरी करून, आणि मेडलं लोखंडी पेटीत ठेवून आले होते.

खरं सांगते, तेव्हा मला त्याची लाजच वाटायची. रणजितचे वडील पायदळातले. ते बोलायला लागले की पारावरची माणसं विडी ओढायची विसरत. आणि माझे पप्पा? सैन्याच्या इंजिनिअर दलात होते, तिथंच त्यांनी डिप्लोमा केला होता. कुणी विचारलं, “सुभेदार, तुम्ही काय केलं हो तिकडं?” तर म्हणायचे, “पूल बांधले.” पुढं विचारलं तर कुठला नट कुठल्या बोल्टात बसतो ते सांगायचे. माणसं हळूच उठून जायची. रणजित मला चिडवायचा, “तुझा बाप फौजी का गवंडी गं?”

बारा वर्षांत ते मला वर्षातून दोन महिने मिळाले होते. आता कायमचे घरी आले होते, तर चादरीच्या घड्या काढून दाखव आणि बुटांच्या नाड्या सारख्या बांध, एवढंच. मी काहीही जिंकून आणलं तरी “छान” म्हणायचे. एकच शब्द. तो सुद्धा बोल्ट घट्ट बसल्यावर म्हणतात तसा.

त्या दिवशी मला त्यांच्याकडून दुसरा शब्द हवा होता.

आदल्या दिवशी अंगणात माझी तालीम चालली होती तेव्हा ते म्हणाले होते, “प्रांजू, पुलावर चढायच्या आधी हुकूम दे. पाऊल मोडायचं. ढोल बंद. ज्यानं त्यानं आपापलं चालायचं, पाच-पाच जण. पूल उतरल्यावर परत पाऊल जुळवायचं.”

“का पण? सगळी शोभाच जाईल की!”

“पुलावर पाऊल मोडायचं असतं.” बास. एवढंच बोलले.

आमच्या कवायतीच्या कुंभार सरांनी पण तेच सांगितलं होतं. पण सर दुखऱ्या गुडघ्यामुळं मागं राहिले होते. आणि समोर पप्पा होते. मी हुकूम द्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “एक-दोन-एक!”

आम्ही तसेच पुलावर चढलो. अठ्ठावन्न पावलं, एक ठोका.

सुरुवातीला काय मजा आली! पूल खालून आम्हाला उचलत होता. पाऊल टाकायच्या आधीच फळी वर यायची. पोरं हसायला लागली. माझी मैत्रीण अफसाना मागून ओरडली, “प्रांजल, पूल पण संचलन करतोय गं!” मला वाटलं, खरंच, पूलसुद्धा माझा हुकूम ऐकतोय. मी आवाज आणखी चढवला.

मग गावाकडच्या टोकाला पप्पांची हाताची घडी सुटलेली दिसली. ते माणसं बाजूला सारत पुढं येत होते. दोन्ही हात वर करून काही सांगत होते. ढोलात मला ऐकू येईना. पुलाच्या मधोमध लाट उठत होती, चादर झटकल्यावर उठते तशी, आणि आता कुणी हसत नव्हतं.

टण्ण!

मग लगेच दुसरा, टण्ण! शाळेच्या बाजूनं. वरच्या जाड तारेपासून फळ्यांना धरून ठेवणाऱ्या दोन सळया तुटल्या होत्या. शेवटच्या पोरांच्या मागच्या चार फळ्या खाली गेल्या, आणि त्या खडकावर आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. जानेवारीत आमच्या नदीला पाणी गुडघाभर असतं, खडक पुरुषभर. पूल एका अंगाला कलला. ढोल रणजितच्या गळ्यातून सुटला आणि गडगडत खाली गेला. पोरं किंचाळत पुढं पळायला लागली आणि पूल आणखीच उसळला.

“बसाऽऽ!”

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. घरी चहा मागताना सुद्धा आईला दोनदा विचारणारा माणूस तो. पण त्या आवाजानं गुडघे आपोआप वाकले. आख्खी रांग खाली बसली. किनाऱ्यावरचे दोन-तीन म्हातारे फौजीसुद्धा बसले, हे मला नंतर अफसानानं सांगितलं.

“कुणी हलायचं नाही. तार धरा. डोळे माझ्याकडं.”

पूल झुलत राहिला, मग कमी झुलत राहिला, मग नुसता कण्हत राहिला. पप्पा पुलाच्या तोंडाशी आले आणि पालथे झोपले. डोकं खाली घालून त्यांनी फळ्यांखालून पार पलीकडपर्यंत पाहिलं. किती वेळ पाहिलं! लोक ओरडत होते, आया रडत होत्या, आणि हा माणूस पोटावर पडून एकेक सळई मोजतोय. मग उठले, जाड तारेवर तळहात ठेवला, वैद्य नाडीवर ठेवतो तसा.

“मोठी तार शाबूत आहे,” ते म्हणाले. “पूल उभा राहील. पण सावकाश उतरायचं.”

मी सगळ्यात पुढं होते. किनारा माझ्यापासून सहा पावलं. आई दोन्ही हात पसरून रडत होती, “ये गं बाळा, ये!” मी रांगत निघाले.

“प्रांजल.”

पप्पा मला कधीच प्रांजल म्हणत नाहीत.

“वजन किती तुझं?”

“अडतीस,” मी म्हणाले.

“मी ब्याऐंशी. माझ्यानं त्या टोकाला जाववणार नाही, तिथल्या राहिलेल्या सळया पेलणार नाहीत मला. तू परत जा. पार शेवटपर्यंत. ती बारकी पोरं आहेत, त्यांच्याजवळ बस. एकेकाला माझ्याकडं पाठव. शेवटचं पोर निघाल्यावर तू निघ.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईला पण तसंच वाटलं असणार, कारण ती अशी ओरडली की काय सांगू. “अहो! पोरगी आहे ती तुमची! वेड लागलंय का? तिला आधी उतरवा!”

पप्पांनी आईकडं पाहिलं नाही. माझ्याकडंच पाहत होते. “प्रमुख कोण आहे संचलनाचा?”

“मी.”

“मग जा.”

मी गेले. कशी गेले ते आठवतं तेव्हा अजूनही तळपायाला घाम येतो. दोन ओळींच्या मधून, एकेका पोराच्या खांद्याला धरत, रांगत. आम्ही उंचीप्रमाणं उभे होतो, उंच पुढं, बुटके मागं. म्हणजे पाचवीतली चिमुकली सगळी त्या तुटलेल्या टोकाला! शेवटी बसली होती स्वरांगी. तिचा एक बूट खाली गेला होता आणि पांढऱ्या मोज्यातला पाय नुसता हवेत लटकत होता. मी तिच्या मागं जाऊन बसले, तुटल्या जागेकडं पाठ करून. शाळेकडच्या काठावर कुंभार सर हात जोडून उभे होते.

“आता ऐका,” पप्पांचा आवाज आला. आता तो घरच्यासारखाच होता, अगदी बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. “तिघं तिघं निघायचं, अंतर ठेवून. पण घाबरलेल्या माणसांचे पाय आपोआप जुळतात. ते जुळता कामा नयेत. म्हणून प्रत्येकानं मोठ्यानं पाढा म्हणायचा. ज्याचा त्याचा वेगळा. एका आकड्याला एक पाऊल. पाढे जुळणार नाहीत, म्हणजे पाय जुळणार नाहीत. समजलं? रणजित, तू सतराचा.”

“काका, मला सतराचा येत नाही!” रणजित रडतच म्हणाला.

“तेराचा?”

“तो पण नाही!”

“मग कुठला येतो रे मर्दा?”

“पाचाचा!”

“मग पाचाचा म्हण की. फौजीचं पोरगं तू, निदान पाचाचा तरी दणक्यात म्हण.”

आणि शपथेवर सांगते, त्या पुलावर, तशा अवस्थेत, पोरं हसली.

रणजित उठला. “पाच एके पाच, पाच दुणे दहा...” त्याच्या मागं अफसाना, ती आमची गणितातली राणी, तिनं थेट एकोणतीसचा घेतला. तिच्या मागं कुणीतरी सातचा. तीन पाढे, तीन चाली. कुणी भरभर, कुणी अडखळत. पूल गोंधळला! कुणाचा ठोका घ्यावा त्याला कळेना. पप्पांचा तळहात तारेवरच होता. मधेच ते म्हणायचे, “नऊवाला, थांब. तू तीनवाल्याच्या पावलात यायला लागलास. हां, आता चल.” तारेवरच्या हातानं त्यांना पाय कळत होते! तोंडाकडं पाहतच नव्हते ते, डोळे मिटून उभे होते. किनाऱ्यावर मेडलांची ती सगळी रांग चिडीचूप झाली होती. शेकडो माणसं, आणि ऐकू काय येतंय तर पोरांचे पाढे.

पंधरा उतरली. वीस उतरली. पूल हलका होत होता तसा तो जास्त थरथरायला लागला होता. मी एकेकाच्या पाठीवर थाप मारून सोडत होते. “तू चारचा. तू आठचा. तू... तुला जो येतो तो.”

शेवटी राहिली स्वरांगी आणि मी.

“ताई, मी नाही जात.”

“जायलाच लागतं गं.”

“मला आता एकचाच आठवतोय.”

“एकचा म्हण मग.”

“तो काय पाढा असतो का?” ती हुंदके देत म्हणाली. असल्या वेळी सुद्धा तिला तो अपमान वाटत होता!

“सगळ्यात अवघड असतो,” मी म्हणाले. कुठून सुचलं देव जाणे. “त्यात चुकलं की लगेच कळतं.”

ती उठली. एक बूट, एक मोजा. “एक एके एक. एक दुणे दोन.” प्रत्येक आकड्याला एक पाऊल, जपून, गोगलगायीसारखं. दहापर्यंत गेली, मग परत एकपासून. ती पप्पांजवळ पोचली तेव्हा त्यांनी एका हातानं तिला उचलून मागं दिलं. दुसरा हात तारेवरून काढला नाही.

“प्रांजल, किती?”

“अठ्ठावीस गेले.”

“मागं कुणी?”

मी मागं वळून पाहिलं. त्यांनी विचारलं होतं म्हणून पाहावंच लागलं. तुटलेल्या फळ्या, खाली खडकावर फुटलेला ढोल, आणि सकाळचं ऊन त्या पाण्यावर. “कुणी नाही.”

“आता तू.”

मी निघाले. मी कुठलाच पाढा म्हटला नाही. एकटीच्या पावलाला जुळायला होतंच कोण? पूल माझ्याखाली हलत होता, आणि पलीकडं तो माणूस डोळे मिटून, तारेवर हात ठेवून, माझं एकेक पाऊल ऐकत होता. इतकं लक्ष देऊन माझ्याकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे तर डोळे मिटलेले होते.

उतरले. आईनं आधी एक मुस्काटात दिली आणि मग अशी मिठी मारली की श्वास कोंडला. पप्पा पुलाच्या तोंडाला आडवा दोर बांधत होते.

झेंडा चढायला नऊ वाजले. पटांगणात सरपंच माइकवरून पप्पांचं कौतुक करत होते, कुंभार सर लांबून रस्त्यानं फिरून आले होते आणि “चूक माझी आहे, माझं लक्ष हवं होतं” म्हणत होते. मला ते ऐकवेना. मी सरळ माइकपाशी गेले. “सरांची चूक नाही. मला पाऊल मोडायला सांगितलं होतं. मी मोडलं नाही.” एवढंच म्हणाले आणि खाली आले. मान वर होती. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. “छान” पण म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर आईनं भाकऱ्या थापल्या त्या नुसत्या आपटल्या. पप्पांचं ताट समोर ठेवलं, पण त्यात काही वाढलं नाही. मी आतल्या खोलीत कपडे बदलत होते, मधे फक्त पडदा.

“स्वतःच्या पोरीला परत धाडलं,” आई म्हणाली. “दुसऱ्याची नव्हती का पोरं अडतीस किलोची? तिचीच आठवण झाली तुम्हाला?”

“हुकूम तिनं दिला होता, शैला.”

“तेरा वर्षांची आहे ती! हुकूम म्हणे!”

पप्पा म्हणाले, “तिला आधी उतरवली असती, आणि मागं एखादं पोर गेलं असतं, तर ती जन्मभर त्या पुलावरच राहिली असती.”

“असं कुठं असतं का!”

“असतं.” ताट सरकल्याचा आवाज आला. “प्रांजू झाली तेव्हा मी वर डोंगरात होतो. आठवतंय?”

“तुमचा फोन चार दिवसांनी आला होता. रडत होता तुम्ही. मला वाटलं आनंदानं.”

“आम्ही पूल टाकत होतो. तुझ्या भावाचा निरोप सकाळी आला, मुलगी झाली म्हणून. उस्तादांनी, म्हणजे आमच्या हवालदारांनी, सगळ्यांना साखर वाटली. दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला, नदी एकदम फुगली. आम्ही चौघं अर्ध्या पुलावर. टोकाचा बोल्ट माझा आवळायचा राहिला होता. माझं काम होतं ते. उस्ताद म्हणाले, ‘शेडगे, तू बाप झालायस. तू आधी जा.’ मी म्हटलं, उस्ताद, बोल्ट राहिलाय माझा. त्यांनी मला ढकललंच. ‘आम्ही बघतो,’ म्हणाले. मी काठावर पाय ठेवला आणि मागं वळलो, तर पूल नव्हता.”

भाकरीचा आवाज थांबला.

“लोक विचारतात, सुभेदार, काय केलं तिकडं,” पप्पा म्हणाले. “काय सांगू? आधी उतरलो, हे सांगू?”

मी पडद्यामागं उभी होते. गणवेशाची बटणं अर्धी सोडलेली. मी जन्मले म्हणून माझे वडील वाचले होते, आणि मी जन्मले म्हणूनच ते त्या पुलावर अडकले होते. हे एवढं मोठं ओझं त्यांनी घरात आणलं होतं आणि कुणाच्या पायाला लागू नये म्हणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आणि मी रणजितचं ‘गवंडी’ ऐकून त्यांचीच लाज बाळगत होते.

पडदा सारून मी बाहेर आले. सॉरी म्हणायचं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

“पप्पा, त्यांची नावं काय होती?”

त्यांनी वर पाहिलं. त्या घरात ती नावं कधी कुणी उच्चारली नव्हती. त्यांनी पाठ सरळ केली, मांडी घातलेली तशीच.

“हवालदार बळवंत मोहिते. नायक इकबाल तांबोळी. सॅपर दगडू लाड.”

मी ती तिन्ही नावं परत म्हणून दाखवली. त्यांनी मान हलवली.

आईनं तव्यावरची भाकरी काढली, त्यांच्या ताटात वाढली, वर झुणका घातला. मग पदरानं डोळे पुसत, तिचा तो बाजाराची यादी करायचा आवाज लावून म्हणाली, “उस्तादांच्या घरी कोण कोण असतं?”

“बायको. एक मुलगी, हिच्याहून दोन वर्षांनी मोठी. पाटणच्या वर, वाडीत राहतात.”

“गेला होता का कधी?”

“नाही.” भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता. “काय तोंडानं जाऊ?”

“रविवारी जायचं,” आई म्हणाली. “तिघं जाऊ. जेवा आता, गार होतंय.”

पप्पांनी मान खाली घालून तुकडा तोंडात घातला.

रविवारी मी उठले तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. पप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चमकवून ओट्यावर बसले होते. शर्टावर मेडलं होती. पाटणची एस.टी. आठला होती, आणि सहा पण वाजले नव्हते.